आप्पांच्या आवाजाचं फोल्डर

आमच्या घरात कुणी हळू बोलत नव्हतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तशी हळू बोलायची रीतच नाही, पण आमचं घर त्यातही वरचढ. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, आप्पा मोरीतून उत्तर द्यायचे, मी माळ्यावरून दोघांच्या मध्ये तोंड घालायची, आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून कोण बरोबर ते सांगायच्या. पाहुणे आले की बिचारे बावरायचे. त्यांना वाटायचं, भांडण चाललंय. भांडण कसलं डोंबलाचं, आमटीत मीठ कमी पडलंय एवढंच आम्ही एकमेकांना कळवत असायचो. मी कामावरून घरी यायची तीसुद्धा गल्लीच्या तोंडापासून "आईऽऽ, भूक लागलीया" अशी हाक घालत. माझी हाक ऐकून आई तवा ठेवायची. मी उंबऱ्यात पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

या सगळ्यात मोठा आवाज आप्पांचा. पाण्याच्या खात्यात व्हॉल्व्ह सोडायची त्यांची नोकरी होती. पहाटे सायकलला लांबलचक चावी अडकवून जायचे आणि न्याहारीला परत यायचे. पण त्यांना चार गावं ओळखायची ती कुस्तीच्या मैदानावरचे निवेदक म्हणून. यात्रांचे दिवस आले की त्यांना बोलावणी यायची. हलगी कडाडायची, आप्पा पटका बांधून आखाड्याच्या कडेला माइक धरून उभे राहायचे, आणि पैलवान कुठला, त्याचा वस्ताद कोण, त्याच्या बापानं कुणाबरोबर कुस्ती केलती, सगळं तोंडपाठ सांगायचे. कागद कधी हातात नसायचा. त्यांचा एक नियम होता. खालच्या पैलवानाची पाठ मातीला लागली असं सगळ्या मैदानाला दिसलं, लोक फेटे उडवायला लागले, तरी आप्पा निकाल पुकारत नसत. ते आखाड्याला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जायचे, वाकून बघायचे आणि मगच माइक तोंडाशी न्यायचे. लोक शिव्या घालायचे, "पाटील, पुकारा की आता!" आप्पा ढिम्म. "एका अंगानं बघून पाठ लागली म्हणायची न्हाय. त्या पोरानं वरीसभर माती खाल्लेली असती," असं ते घरी जेवताना सांगायचे. मी शंभरदा ऐकलं असेल. ऐकलं आणि सोडून दिलं.

आई घरी कांदा-लसूण चटणी करून विकायची. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. तो कुटायचा धपधप आवाज आणि डोळ्यांत पाणी आणणारा खकाणा, हे माझं लहानपण. डंकावर गल्लीतल्या पाच-सहा बायका डबे लावून बसायच्या. आईला कुणाचाही डबा हातात दिला तर ती न उघडता सांगायची, हिनं खोबरं कमी घातलंय, हिची मिरची ओली होती. वजनावरून ओळखायची. शाळा चौथीपर्यंतच झाली होती तिची, पण तिच्या हाताला फसवलेलं कुणी मी बघितलेलं नाही.

मी कॉमर्स करून एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. हप्त्यानं घरी एक कॉम्प्युटर घेतला, तो बाहेरच्या खोलीत, आईनं विणलेला रुमाल पांघरून, देवाच्या फोटोखाली विराजमान झाला. गल्लीत तेव्हा दोन-तीन घरांतच कॉम्प्युटर आले होते आणि कुणाचा बिघडला की हाक मलाच. "वैशे, आमचा डबा चालू व्हईना." मी जायची, दोन बटणं दाबायची, "व्हायरस हाय" म्हणायची आणि फॉरमॅट मारून यायची. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून पाटी कोरी करायची. क्लासमध्ये आम्ही हेच करायचो, कारण क्लासातल्या कॉम्प्युटरांवर जपून ठेवावं असं काही नसायचंच. पोरं चित्रं रंगवायची, पत्रं टाइप करायची, पुसलं तरी कुणाचं काय जात होतं? गल्ली मला डॉक्टरीणबाई म्हणायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

मग आप्पांचा आवाज बसला. थंडीनं बसला असेल म्हणून ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, कुणीतरी सांगितलेला काढा झाला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. गाठ होती. तंबाखू आप्पांनी त्या दिवशी सोडली, पण तिनं त्यांना सोडायला उशीर केला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, बोलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला आठ दिवस होते. घरी येताना रिक्षात तिघांपैकी कुणीच बोललं नाही. मला आठवतंय, आमच्या घरातली पहिली शांतता ती.

आठ दिवस मी रजा टाकली, क्लासातून माइक आणला आणि आप्पांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. सुरुवातीला ते चिडले. "मेल्यागत काय बोलाय लावतीस गं?" पण एकदा सुरू झाले की थांबेनात. आवाज फाटलेला होता, मधेमधे चिरका व्हायचा, पण होता तो त्यांचाच. त्यांनी मैदानं सांगितली, वस्तादांची नावं सांगितली, कुठल्या पैलवानानं कुठला डाव कुणाकडून उचलला ते सांगितलं. आई आतून म्हणाली, "पैलवानांचंच सांगा जलमभर. घरच्यांचं काय हाय का न्हाय?" तेव्हा आप्पांनी माइक घेतला आणि वायर ताणून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईच्या भाकरीचं निवेदन केलं. "बघा मंडळी, पीठ मळलं... गोळा हातावर घेतला... थापटी, थापटी, थापटी... तव्यावर सोडली! अरं, पाणी फिरवलं! आन पलटीऽऽ मारली!" आई हसता हसता तव्यापुढेच खाली बसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. तेही रेकॉर्ड झालं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आणखी काय पायजे?" मी म्हणाले, "मला हाक मारा." ते माइकपासून दोन पावलं मागं सरले आणि रोज कामावरून आल्यावर मारायचे तशी हाक मारली. "वैशेऽऽ, दार उघड!"

हे सगळं मी एका फोल्डरात ठेवलं आणि त्याला नाव दिलं आप्पा. शेजारी फोटोंचं, आईच्या चटणीच्या लेबलांचं, माझ्या नोट्सचं अशी चार-पाच फोल्डरं होती. सगळी सारखी पिवळी. सीडी करून आणायची होती. घरात सीडी करायची सोय नव्हती, बाजारात करून मिळायची. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिले. या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

ऑपरेशन चांगलं झालं. आप्पा घरी आले ते गळ्याशी भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. आई त्यांना ताकातल्या कण्या भरवायची. मी शंभर पानी वही आणली, तिला दोरीनं पेन बांधलं आणि त्यांच्या गळ्यात अडकवली. आप्पा वहीत लिहायचे, आम्ही तोंडानं उत्तर द्यायचो. आईला वाचायला वेळ लागायचा, ती एकेक अक्षर लावून वाचायची आणि आप्पा तोवर थांबायचे. संध्याकाळी ते पूर्वीसारखे, समोर म्हैस पिळून दूध देतात त्या दूध कट्ट्यावर जायचे, लोक म्हशीपुढे बसून बोलायचे, आप्पा धारोष्ण दुधाचा ग्लास धरून ऐकायचे. पण घरी आले की कधीकधी कॉम्प्युटरकडे बोट करायचे. मी त्यांचं फोल्डर उघडून द्यायची. डोळे मिटून ते स्वतःला ऐकत बसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मलकापूरच्या अलीकडच्या त्यांच्या मूळ गावची यात्रा आली. कमिटीची माणसं घरी आली. म्हणाली, "पाटील, तुमच्या आवाजाबगार मैदान सुरू करायचं न्हाय, आसं ठरलंय आमचं." मी रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेतलं आणि आम्ही तिघंही गेलो. स्पीकरवाल्याच्या टेबलावर धुळीनं माखलेला कॉम्प्युटर होता. दुनियेची गाणी त्याच्यात, दुनियेचे पेन ड्राइव्ह त्याला टोचलेले. मी माझा टोचला. हलगी थांबली आणि कर्ण्यांतून आप्पांचा आवाज आला, "मैदानाला बसलेल्या माझ्या मायबाप मंडळींनो..." सगळं मैदान उभं राहिलं. आप्पा आखाड्याच्या कडेला पटका बांधून उभे होते, हातात माइक नव्हता, आणि त्यांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते. आईनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. परत आल्यावर मी तोच पेन ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला.

चार दिवसांनी रविवार होता. सकाळची न्याहारी झाली, आप्पांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी फोल्डरवर टिचकी मारली. उघडेना. पुन्हा मारली. पडदा नुसता लुकलुकला. फोटोंचं उघडेना, लेबलांचं उघडेना. पण डॉक्टरीणबाई ना मी! मी यादी सविस्तर करून बघितली. प्रत्येक फोल्डरच्या नावापुढे ॲप्लिकेशन असं लिहून आलं होतं, आणि खरं फोल्डर कधी दाखवत नाही तो वजनाचा आकडाही होता. मी लगेच जाहीर केलं, "ही फोल्डरं न्हाईत. व्हायरस हाय. फोल्डराचा पिवळा झगा घालून बसलाय." इथवर मी बरोबर होते. आई हात पुसत मागं येऊन उभी राहिली. चटणीचे हात, नखं लाल. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सगळ्यांचं वजन एकच कसं गं? डंकावर पाच बायकांचे डबे येत्यात, दोघींचे कधी सारखे भरत न्हाईत. ही आपली न्हवंत. आपली कुटं हाईत मग?"

आपली कुठं आहेत मग. एवढा साधा प्रश्न. तो मला पडायला हवा होता. मी म्हणाले, "खाल्ली त्यानं." आणि क्लासमधून आणलेलं व्हायरस मारायचं औषध चालवलं. त्यानं ती सगळी तोतयी फोल्डरं एका दमात उडवली. आता तिथं काहीच दिसेना. पांढरं ओसाड पान. मी जागा किती उरलीय ते उघडून बघितलं, तर तो गोल आला, भरलेला भाग निळा, मोकळा भाग गुलाबी. आई त्या निळ्यावर बोट ठेवून पुन्हा म्हणाली, "रिकामं झालं म्हणतीस, मग ही निळी भाकरी कशाची?"

मी फिस्कन वळले. "तुला काय कळतंय गं ह्यातलं? चटणी न्हवं ही!" आईनं बोट मागं घेतलं. आईला मी तोपर्यंत हजारदा ओरडले असेन, आमच्या घरात ओरडणं म्हणजे बोलणंच. पण हे तसलं नव्हतं, आणि ते तिला कळलं. त्या व्हायरसचा मला असा संताप आला होता की त्याला मुळासकट उपटून टाकायचं एवढंच सुचत होतं. ज्याच्यातून तो घरात आला तो यात्रेतला पेन ड्राइव्ह मी आधीच पुसून टाकला होता. आता कॉम्प्युटरची पाळी. तेवढ्यात आप्पांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि वही पुढे धरली. "दोन्ही बाजूनं बघितलंस का?" असं लिहिलं होतं.

मी म्हणाले, "बघितलं, आप्पा."

बघितलं नव्हतं. दुसरी बाजू असते हेच मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची सवय नव्हती. मी बटण दाबलं. खरंच पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. यंत्राला होती तेवढी अक्कल मला नव्हती. मी हो म्हटलं. हिरवी पट्टी सावकाश पुढे सरकत राहिली आणि आम्ही तिघं ती बघत बसलो. संपल्यावर मी म्हणाले, "व्हायरसनं खाल्लं सगळं." आप्पांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं, "जाऊ दे. माणूस तर राहिलाय." त्या दुपारी आम्ही जेवलो. पिठलं होतं. निम्मं ताटातच राहिलं.

महिनाभरानं क्लासमध्ये पुण्याहून एक नवीन मॅडम शिकवायला आल्या. एका कॉम्प्युटरवर तीच पिवळी तोतयी फोल्डरं आली होती. मी सवयीनं म्हणाले, "फॉरमॅट मारा." त्या म्हणाल्या, "थांबा ना, आधी आतलं बाहेर काढू." त्यांनी व्हायरस मारला, सगळं ओसाड झालं, आणि मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. फक्त एक ओळ. आणि एकेक करून सगळी खरी फोल्डरं जागच्या जागी उगवली. "हा खात नाही काही," मॅडम म्हणाल्या. "खऱ्यांना लपवतो आणि त्यांच्या नावानं स्वतः बसतो. लोक घाबरून पुसून टाकतात." मी संडासात जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. आप्पांचा आवाज महिन्यापूर्वी तिथंच होता. त्या निळ्या भाकरीत. आईनं बोट ठेवलेल्या जागी.

घरी मी काही सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या मॅडम आईची चटणी घ्यायला घरी आल्या. आप्पा खुर्चीत होते, मी कपात चहा गाळत होते. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "वैशालीताईंना परवा दाखवलं मी, फोल्डरं जात नाहीत, नुसती लपतात. परत आणता येतात." आईचा तराजूचा हात वरच थांबला. मग तिनं चिमूटभर चटणी वाढवली, पुडी बांधली, मॅडमना हसून निरोप दिला. दार लागल्यावर ती माझ्याकडे वळली, तिचं तोंड उघडलं होतं, एवढ्यात आप्पांनी खुर्चीच्या दांड्यावर पेन आपटलं. घाईघाईनं त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. आईनं अक्षरं लावत लावत वाचलं. माझ्याकडे बघितलं. आणि चुलाण्यावरच्या मिरच्या परतायला निघून गेली. काय लिहिलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यानंतर आप्पा चार वर्षं होते. या विषयावर आमच्या घरात एक शब्द निघाला नाही.

आता माझेही केस पिकलेत. आप्पांच्या वह्या आईनं चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या, एकोणीस वह्या. गेल्या महिन्यात मी त्या काढल्या. चाळताना शिंका येतात, प्रत्येक पानाला मिरचीचा वास. त्या वह्यांत बोलणं अर्धंच आहे. आमची उत्तरं हवेत गेली, त्यांचं तेवढं राहिलं. "मीठ घाल." "पंखा लाव." "कोण आलंतं?" मी वाचत जाते आणि आमच्या बाजूचं आठवून भरत जाते. चौथ्या वहीत ते पान लागलं, "दोन्ही बाजूनं बघितलंस का?" मी पुढची पानं उलटत गेले. काही पानं पुढे ते होतं. घाईत लिहिलेलं, वेडंवाकडं, आईला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात.

"तिला विचारू नको. तिला कळलंय. आदी गल्लीच्या तोंडापास्नं हाक मारत यायची. महिना झाला मुकाट येती. माझा आवाज गेला त्यो गेला. तिचा घालवू नको."

मी वही मिटली. आई आता ऐंशीच्या घरात आहे, कानानं कमी ऐकते, पण भाकरी अजून स्वतःच थापते. आत थापटीचा आवाज चालला होता. मी उठले, उंबऱ्यात जाऊन उभी राहिले आणि पूर्वीसारखी पोटातून हाक मारली. "आईऽऽ!" शेजारची खिडकी उघडली. आईनं दचकून मान वळवली.

"अगं, हळू की. गल्ली ऐकंल."

"ऐकू दे," मी म्हणाले. "आई, आप्पांचा आवाज व्हायरसनं खाल्ला न्हाई. मी पुसला. बघितलं म्हणाले, पण बघितलं नव्हतं."

आईनं हातातली भाकरी तव्यावर सोडली, वरून पाणी फिरवलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "किती वर्सं वाट बघायला लावलीस गं तुज्या हाकंची. ये, बस. ही पलटली की वाढते."